चौदा कोऱ्या ओळी

तार्तूहून पत्र आलं: बर्फाची जाडी पाठवा,
सगळ्या हिवाळ्यांची, पहिल्यापासून.
आमच्या मच्छीमार संघाकडे ती आहे, बी कॉलममध्ये.
पेइप्सी सरोवर, धक्क्यापासून दोनशे पावलं आत,
दर सोमवारी एक भोक, एक पट्टी, एक आकडा.
भोक पाडणारा पहिल्यापासून एकच, हेल्दुर.
वहीतलं शीटमध्ये आणणारी माइमू,
जिच्या टेबलाशी कांद्यांची वेणी टांगलेली असते
आणि जिला माउसचा अजून राग येतो.

मी आधी सोपं केलं. रेकॉर्डचं बटण दाबलं,
बी-दोनपासून बी-सातशे अडतीसपर्यंत
बोट न उचलता ओढत नेलं.
मॅक्रोने मुकाट पाहून घेतलं.
पुढच्या सोमवारी सातशे एकोणचाळिसावी ओळ भरली,
आणि हा पठ्ठ्या अडतीसवरच थांबला.
माझा हात त्याने पाठ केला होता,
हेतू त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

मग जरा शहाणपण शिकवलं:
आकडे लागतील तिथवर उतरत जा.
उतरला.
चारशे एकवर पाय रोवून उभा राहिला,
जसं पुढे बर्फच नाही.

मी पुढे पाहिलं. ए कॉलममध्ये तारखा होत्या,
चौदा सोमवार, माइमूच्या शिस्तीत,
आणि शेजारी काही नव्हतं.

"शून्य टाकू का?"
माइमूने चष्मा कपाळावर सारला.
"शून्य म्हणजे तो गेला, आणि पाणी होतं.
हे म्हणजे तो गेलाच नाही.
दोन्ही एक केलंस तर तार्तूवाले म्हणतील
त्या वर्षी सरोवर गोठलं नाही.
गोठलं होतं. गाड्या जात होत्या वरून.
एक सोडून सगळ्या परत आल्या."
मग बराच वेळ ती कांद्याची साल चुरगळत बसली.
"आदल्या सोमवारी त्यानेच सांगितलं होतं,
अठ्ठावीस, चालेल."
चारशे एकमध्ये अठ्ठावीस आहे.
"त्या हिवाळ्यात त्याने बर्फाशी अबोला धरला.
मी तारखा घालत राहिले.
म्हटलं, बोलेल तेव्हा जागा असावी."

रात्री हीटर बंद झाल्यावर कोट घालून बसलो
आणि रस्ताच उलटा केला.
कर्सरला म्हटलं, वरून नको.
आधी तळाला जा,
दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तराव्या ओळीला,
जिथवर आमचे हिवाळे कधीच पुरायचे नाहीत,
आणि तिथून वर ये.
जे पहिलं लागेल ते आज.
तिथून पहिल्या हिवाळ्यापर्यंत सगळं कवेत घे,
भरलेलं की कोरं, विचारत बसू नकोस.

एका दमात निळं झालं.
त्या चौदा ओळीही निळ्या.
सरासरी काढली. तिने त्यांना मोजलं नाही,
शून्यही मानलं नाही,
बाजूने निघून गेली, आवाज न करता.
यंत्राला ही रीत कुणी शिकवली, ठाऊक नाही.
कधीतरी कुणाच्या दारात
टोपी हातात घेऊन उभा राहिलेला असणार तो.

सोमवारी तीनला, उजेड जाता जाता, हेल्दुर आला.
गिरमिट भिंतीला टेकवलं,
हातमोज्यांतून पाणी ठिबकत होतं.
"एकतीस," म्हणाला, आणि नेहमीसारखं,
"धक्क्याजवळचं सांगतोय. पुढचं मला माहीत नाही."
हे वाक्य माइमू लिहीत नाही.
त्याला कॉलम नाही.

मी एकतीस भरलं, मॅक्रो चालवला.
तो तळाशी गेला, वर आला, एकतीसला लागला.
हेल्दुर चहात मध ढवळत होता,
विरघळून गेल्यावरही, बराच वेळ,
पाठ खिडकीकडे करून.